एका बरणीचं मीठ

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला पीयूषच्या यंत्रावर 'एकशे चौतीस' उमटलं आणि नरपडच्या त्या वाडीत एकदम चार मालक उभे राहिले. चिकूच्या झाडांचे नव्हेत. त्या वाटण्या केव्हाच झाल्या, आणि किती गोडीगुलाबीने झाल्या ते अख्ख्या डहाणूला पाठ आहे. हे मालक आकड्याचे होते.

महिन्यापूर्वी हाच आकडा एकशे शहाण्णव होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी टेबलावर आडव्या केलेल्या रतनभाऊंना डॉक्टरांनी तसंच उठवलं. "आधी हे बीपी दीडशेच्या खाली आणा, मग डोळ्याचं बघू." तोवर डोळ्यांची अवस्था अशी झाली होती, की फाटकाजवळच्या विजेच्या खांबाला पुतण्या समजून रतनभाऊ त्याच्याशी पाऊण तास चिकूच्या भावावर बोलले आणि घरात येऊन म्हणाले, "पीयूष सुधारला. मधे एकदाही तोंड घातलं नाही." ही गोष्ट शेजारच्या आगर गावात पोहोचली तेव्हा खांबाने दोनदा मान हलवली होती. ते बघणारे लोक अजून हयात आहेत.

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र नव्हतं. चिकूचा तोडा कधी करायचा ते वाडीत रतनभाऊच सांगत. फळावरचा भुसा अंगठ्याने पुसायचा, नखाने किंचित खरवडायचं. आत हिरवं दिसलं तर थांबायचं, पिवळट दिसलं तर वाडीतल्या गड्याला, हाल्याला, हाक मारायची. आता त्यांना फळ राहो, स्वतःचं नखही दिसत नव्हतं. म्हणून दर रविवारी सगळ्यांनी मधल्या ओटीवर जमायचं आणि पीयूषने यंत्र लावायचं, असं ठरलं होतं. पीयूष ते यंत्र मखमली पिशवीतून आणी. लग्नातली बोरमाळही या घरात इतक्या जपून कोणी आणली नव्हती.

"एकशे चौतीस!" पीयूषने दुसऱ्यांदा सांगितलं. "काका, बुधवारी ऑपरेशन पक्कं. यंत्र चांगलं असलं की असं होतं."

"यंत्राने काय होतंय?" देवेश म्हणाला. रतनभाऊंचा हा एकुलता एक, आणि चुलतभावाचं एखादं वाक्य बिनविरोध गेलं तर त्या दिवशी त्याला जेवण जात नसे. "दिवसाला तीन शहाळी उतरवून देतोय मी बाबांना. महिनाभर. एक दिवस खाडा नाही."

"शहाळी द्यायला हाल्या चढतो, तुम्ही खाली उभे राहता भाऊजी," पीयूषची बायको नीलम हळूच म्हणाली. "आणि नुसत्या पाण्याने आकडा उतरला असता तर सगळा किनारा ठणठणीत असता. माझी वेलची केळी विसरलात? सकाळी दोन, संध्याकाळी दोन."

रतनभाऊ खुर्चीत डोळे मिटून बसले होते. त्यांना शहाळ्याचं पाणी लहानपणापासून आवडत नसे आणि केळं बघितलं की ढेकर येई. पण हे सांगावं तर देवेश रुसणार, नीलम रुसणार. म्हणून ते नुसते "हं" म्हणाले. त्या 'हं'चा अर्थ दोघांनी आपापल्या बाजूने लावला.

या सगळ्याची सुरुवात रियाने केली होती. देवेश-भाविकाची ही मुलगी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. महिन्यापूर्वी याच ओटीवर तिने समजावून सांगितलं होतं. "मिठातलं सोडियम अंगात पाणी धरून ठेवतं, मग दाब वाढतो. पोटॅशियम म्हणजे त्याच्या विरुद्ध पार्टी. ते सोडियमला लघवीवाटे बाहेर काढतं, नसा सैल करतं. फळांत, भाज्यांत, नारळपाण्यात असतं. पण ज्यांची किडनी..."

पण 'पण'पर्यंत ऐकायला थांबतो कोण? देवेश तोवर माडाखाली पोहोचला होता आणि नीलम केळीच्या घडापाशी.

स्वयंपाकघराच्या दारात भाविका उभी होती आणि बोलायला तिची जीभ शिवशिवत होती. खरं कारण तिला माहीत होतं. खरं कारण त्या ओटीच्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, लाकडी झाकण घालून बसलं होतं.

रतनभाऊ आणि त्यांचा भाऊ वेगळे झाले त्या वर्षी त्यांच्या आईने सांगितलं होतं, "चुली दोन करा. दहा करा. मीठ एकाच बरणीतलं राहील." तेव्हापासून ती चिनीमातीची बरणी दोन घरांच्या मधल्या ओटीवर होती. कोर्टात समोरासमोर उभं राहून आलेले भाऊसुद्धा संध्याकाळी वाटी घेऊन त्याच बरणीपाशी भेटत. बरणी भरायची ती घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईने. सुनांनी नुसतं घ्यायचं. भावाच्या पश्चात पीयूषने भिंती पाडल्या, टाईल्स लावल्या, एसी बसवला. बरणीला हात लावला नाही.

हात लावला भाविकाने. ती उमरगावची, म्हणजे सासरच्या मते परमुलखातली. मधे अंतर एका छोट्या खाडीचं आणि गुजरातच्या हद्दीचं. सासू महिन्यापूर्वी बहिणीकडे तलासरीला गेली होती त्या दुपारी भाविकाने बरणीतलं मीठ उपसलं आणि दुकानातून आणलेलं कमी सोडियमचं मीठ ओतलं, तीन पाकिटं. पाकिटावर छापलं होतं त्यात पोटॅशियम आहे म्हणून. पाकिटं तिने चुलीत घातली. दोन्ही घरं महिनाभर तेच खात होती, आणि आता आकडा उतरला तर मान शहाळ्याला!

"आकड्याचा सातबाराच काढा एकदा," आतून सासूचा, हिरकणीचा, आवाज आला. "म्हणजे कोणाचं नाव लावायचं ते तलाठी ठरवेल. पानं घेतलीत, बसा आता."

भाविकाला हसू आलं आणि रडूही आलं. तिने वाट्या उचलल्या.

हिरकणी कढईपाशी बसली होती आणि उठावं कसं याचा विचार करत होती. चार दिवस झाले, पाय तिचे राहिले नव्हते. कोणीतरी आत ओली वाळू भरून वरून शिवून टाकावं तसे. सकाळी तोंडाला पाणी सुटून मळमळलं होतं. छातीत मधेच एक ठोका पडायचा, मग बराच वेळ काहीच नाही. जणू दुसरा ठोका चारोटी नाक्यावर गाडी बदलायला उतरला आणि तिथेच वडा खात बसला.

तलासरीच्या वाऱ्या बहिणीसाठी नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी तिथल्या डॉक्टरने तिचं रक्त तपासून सांगितलं होतं, किडन्या निम्म्याहून कमी काम करताहेत, पथ्य पाळा. पथ्याचा कागद दिला होता. कागद इंग्रजीत होता, आणि वाचून घ्यायचा तर घरात कोणालातरी दाखवावा लागला असता. घरात दाखवला की दुसऱ्या दिवशी, "आई, तुम्ही बसा, आम्ही बघतो." तिच्या स्वतःच्या सासूला असंच बसवलं होतं, त्याच आठवड्यात बरणी हिरकणीच्या हातात आली होती. म्हणून फाईल पापडाच्या डब्यात तळाशी गेली, आणि हिरकणी एकेक पापड तिच्यावर रचत राहिली.

आणि शहाळी? "हिरू, तू पी गं हे, देवेशला कळू देऊ नकोस," असं म्हणून रतनभाऊ रोज तिन्ही शहाळी मागच्या दाराने आत सरकवायचे. केळीही. टाकून द्यायला तिला तिच्या आईने शिकवलं नव्हतं. तिने महिनाभर नवऱ्याचं औषध स्वतः घेतलं होतं. त्याचा आकडा उतरत होता म्हणून समाधानाने घेतलं होतं.

ती भाताचं पातेलं घेऊन उठली. ओटीवर आली. रतनभाऊंच्या पानात एक मूद पडली, देवेशच्या पानात पडली, आणि तिसऱ्या पानापाशी हिरकणी सावकाश, कोणालाही धक्का न लावता, खाली बसली. पातेलंही तिने नीट टेकवलं.

"आई, काय झालं?" देवेशने विचारलं.

"काही नाही. पाय नाहीत." मग जरा विचार करून म्हणाली, "रिया, पापडाचा डबा."

"काकीला भूक लागली वाटतं," पीयूष म्हणाला.

रियाने आजीची नाडी धरली होती. ती मोजत होती, आणि दोन आकड्यांच्या मधे तिला इतका वेळ मिळत होता की तिचा चेहराच पांढरा पडला. "बाबा, गाडी काढा. आत्ता."

डहाणूच्या दवाखान्यातली डॉक्टर वयाने रियापेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठी असेल. तिने छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी बघितली आणि कोणाशी न बोलता आधी इंजेक्शन दिलं. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर बाहेर आली. बाकावर घरातलं सगळं मंत्रिमंडळ बसलं होतं.

"पोटॅशियम सात पॉइंट एक आहे. हृदय केव्हाही थांबलं असतं. औषधं चालू केलीत, उतरलं नाही तर डायलिसिसला हलवावं लागेल. मला एवढंच सांगा, एवढं पोटॅशियम यांच्या पोटात गेलं कसं? काय काय खातात? नीट आठवून सांगा."

सकाळी ज्या शब्दाच्या जोरावर आकड्यावर हक्क सांगितला होता, तो शब्द आता बाकापुढे येऊन उभा राहिला आणि कोणी त्याला ओळख देईना.

"साधंच जेवण," देवेश म्हणाला. "आमच्यासारखंच."

"फळं? नारळपाणी?"

"ते बाबांना असतं. आणि ते काय, एखाददुसरं."

"तीन म्हणत होतात सकाळी," नीलम म्हणाली.

"आणि तुझी केळी? चार म्हणत होतीस ना?"

"काकांसाठी दिली होती मी! काकीला एक साल तरी दिली असेल तर..."

"भांडू नका," पीयूष म्हणाला, "माझ्या यंत्रात तर यातलं काहीच दिसत नाही."

तेवढ्यात हाल्या आला. साठीचा, काटक, माडावर अजून विशीतल्यासारखा चढतो. रियाने फोन करून पापडाचा डबा आणायला सांगितला होता, तर तो डबा झाकण न उघडता, पापडांसकट, डोक्यावरून घेऊन आला होता. डॉक्टरसमोर त्याने तो ठेवला. रियाने पापड बाकावर उपसले. फाईल निघाली.

रिया वाचत गेली तसा तिचा आवाज बारीक होत गेला. "किडनी... दोन वर्षांपासून... आणि हे पथ्य. केळी नको. नारळपाणी नको. पोटॅशियमचं मीठ अजिबात नको." तिने मान वर केली. "मी सांगत होते त्या दिवशी. किडनीचं सांगत होते. कोणी थांबलंच नाही."

"पण शहाळी आईने प्यायलीच कशाला?" देवेशचा आवाज चढला. "मी तर बाबांना..."

"शेठाणीच्या मागल्या दाराला जाऊन बघा," हाल्या म्हणाला. "शहाळ्यांचा ढीग हाय. मला वाटलं, दोघा मिळून पितात. म्हातारपणी एवढी माया कोणाला असते, म्हणून मी बोललो नाय."

सगळ्यांनी रतनभाऊंकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते. म्हणजे भिंत असावी असा त्यांचा अंदाज होता.

"मला नाही आवडत ते पाणी," ते म्हणाले. "कधीच नाही आवडलं. मी रोज तिला दिलं. केळीपण. एक दिवस खाडा नाही." हे शेवटचं वाक्य देवेशचंच होतं, पण त्यांच्या तोंडी ते फार वेगळं वाटलं. देवेशने खाली मान घातली.

डॉक्टर हिशेब करत होती. "तीन शहाळी, चार केळी. हे पुष्कळच आहे. तरी अजून काहीतरी वाटतंय. घरात मीठ कुठलं वापरता?"

"साधं," देवेश म्हणाला. "आईच भरते बरणी. दुसरं कोणी हात लावत नाही."

भाविका बाकाच्या टोकाला बसली होती. पाकिटं जळून राख झाली होती. बघणारं कोणी नव्हतं. सासू यातून वाचली नाही तर कोणाला कधी कळणारही नव्हतं. आणि वाचली तरी सगळं शहाळ्यावर आणि केळ्यांवर गेलंच होतं. शेजारी नीलम होती. गेले दोन महिने नीलम तिच्या बाजूची होती. वाडीत नवा बोअर कुठे मारायचा यावरून दोघींनी मिळून नवऱ्यांना गप्प केलं होतं. ते सगळं एका वाक्यात जाणार होतं.

"मी बदललं मीठ," ती म्हणाली. "कमी सोडियमचं. पोटॅशियमवालं. महिना झाला. भाजीत, आमटीत, लोणच्यातसुद्धा तेच."

नीलम बाकावर वीतभर पलीकडे सरकली. कदाचित बाकाचा खिळा टोचला असेल.

"म्हणजे आम्हीपण तेच खाल्लं?" पीयूषने विचारलं. "महिनाभर?"

"हो."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर हात लावू दिला असता बरणीला? पंचवीस वर्षं झाली, पीयूषभाई, मी अजून वाटी घेऊन उभी राहते. बाबांचं ऑपरेशन व्हावं एवढंच होतं मनात. आईंचं मला काय माहीत?" आणि मग तिला शब्द सुचेना तेव्हा ती माहेरच्या भाषेत म्हणाली, "मने शुं खबर?"

बाकावरच्या प्रत्येकाचा हाच प्रश्न होता.

डॉक्टरने फाईल उचलली. "बरं झालं सांगितलंत. नाहीतर उद्या घरी नेऊन पुन्हा तीच आमटी दिली असती." दारात थांबून ती म्हणाली, "तुमचं मीठ वाईट नाही हो. किडनी धड असली आणि औषधं विचारून घेतली, तर ते दाब उतरवतं. या बाईला मात्र ते विष. सगळ्यांना एकच बरणी कशी चालेल?"

एवढं बोलून ती आत गेली. आपण त्या घरातला चाळीस वर्षांचा कायदा मोडला हे तिच्या गावीही नव्हतं.

सोमवारी सकाळी हिरकणीचे ठोके चारोटीहून परत आले. पोटॅशियम साडेपाचवर उतरलं होतं. खोलीत सगळे दाटीवाटीने उभे होते आणि खाटेजवळच्या स्टुलावर रतनभाऊ बसून मन मोकळं करत होते.

"चुकलं माझं. पन्नास वर्षांत तुला मी काही प्यायला दिलं नाही, आणि दिलं ते हे. तू नुसतं एकदा हो म्हण, मी रोज तीन काय, सहा शहाळी पितो. तुझ्यासमोर पितो."

"अहो," हिरकणी म्हणाली, "मी इकडे आहे. ती सलाइनची काठी आहे. ती हो म्हणाली तरी मी म्हणणार नाही."

रतनभाऊंनी स्टूल फिरवलं. नीलमने हसू दाबलं, देवेशने ते दाबलेलं बघितलं, आणि कालपासून प्रथमच दोन्ही घरांतल्या माणसांचं एका गोष्टीवर एकमत झालं.

हिरकणीची नजर भाविकावर गेली. "मीठ तू बदललंस."

"हो, आई."

"मला पहिल्या दिवशीच कळलं. वरणाला मागून कडवट लागत होतं. बरणी उघडून चिमूट जिभेवर ठेवली, चुलीच्या राखेत पाकिटाचा तुकडा दिसला, तेव्हा खात्री झाली."

"मग बोलला का नाहीत?"

"यांचा आकडा उतरत होता ना. म्हटलं, सुनेला अक्कल आहे, चालू दे. आणि तुला विचारायचं तर तू मला विचारलं असतंस, तलासरीला कशाला जाता म्हणून." तिने उशीवर मान सरळ केली. "तू एक लपवलंस, मी एक लपवलं. मी जास्त वर्षं लपवलं. मोठी आहे मी."

भाविका पुढे झाली आणि तिने सासूची पावलं चादरीवरूनच दाबायला घेतली. हिरकणीने ती काढून घेतली नाहीत. थोड्या वेळाने म्हणाली, "माझं साधं मीठ एका लहान बरणीत काढ. डॉक्टरने सांगितलंय, तेही चिमूटभरच. मोठी बरणी आता तू भर. आणि भरताना नीलमला हाक मार, म्हणजे नंतर कोणी चुलीत पाकिटं शोधत बसायला नको."

नीलम त्या वीतभर जागेतून परत आली. खिळा गेला असावा.

तेवढ्यात नर्स आली. "आजोबा, तुमचं उद्या संध्याकाळी ॲडमिशन ना, डोळ्याचं? बीपी बघून ठेवते." तिने पट्टा बांधला, फुगवला, सोडला. काट्याकडे बघून पुन्हा फुगवला.

"एकशे ब्याऐंशी," ती म्हणाली. "नाही चालणार. तारीख पुढे घ्यावी लागेल."

ओटीवर असता तर या आकड्यावर अर्धा दिवस गेला असता. इथे देवेशने खिडकीबाहेर बघितलं. नीलमने पिशवीची कड सारखी केली. पीयूषने यंत्राची मखमली पिशवी नकळत पाठीमागे नेली. भाविका पाय दाबत राहिली. रतनभाऊ एकटेच कसनुसं हसले आणि खाटेच्या अंदाजाने हात पुढे करून चाचपडू लागले.

हिरकणीने तो हात धरला.

"इतके गप्प का सगळे?" ती म्हणाली. "हा आकडा माझ्या नावावर लावा."